‘इतर’च्या खणात

मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रीकनिसन्स ऑर्बिटर या यानाने २००६ पासून इतकी चित्रं पाठवली आहेत की एका माणसाच्या जन्मात ती बघून व्हायची नाहीत. म्हणून ती चाळायचं काम हळूहळू मशीन लर्निंगकडे गेलं. हे बरं झालं की वाईट, यावर माझा धाकटा भाऊ आणि माझी लेक यांचं कधी एकमत होत नाही. भाऊ कॉलेजात भूविज्ञान शिकवून निवृत्त झाला. दर हिवाळ्यात पोरांची एक तुकडी घेऊन लोणारच्या विवरात उतरायचा त्याचा नेम होता. लेक पुण्यात एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांच्या फोटोंमधले दोष ओळखणारी मॉडेलं बनवते आणि रात्री हौस म्हणून मंगळाच्या चित्रांवर तेच प्रयोग करते. दोघांचं बोलणं मी ऐकलं तसं इथे मांडते आहे. अधूनमधून तोंड घातल्याशिवाय मला राहवलेलं नाही, तेवढं चालवून घ्या.

भाची : मामा, आधी आकडे ऐक, मग भांड. त्या यानावर ‘कॉन्टेक्स्ट कॅमेरा’ म्हणून एक कॅमेरा आहे. त्याच्या एका चित्रात तीस किलोमीटर रुंदीचा पट्टा येतो. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या, म्हणजे जेपीएलमधल्या गटाने त्याची सुमारे १ लाख १२ हजार चित्रं चाळायला घेतली. शोधायचं काय, तर उल्का आदळून नव्याने पडलेली विवरं. एक चित्र नीट बघायला जाणत्या माणसाला चाळीस मिनिटं लागतात.

मामा : लागू देत की! बघण्यासाठीच पाठवलंय ना ते यान?

भाची : रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस, असं एकट्याने बघत बसलं तर एकतीस वर्षं. तुझी अख्खी नोकरी त्यात गेली असती. तेच काम कॉम्प्युटरच्या मोठ्या ताफ्यावर वाटून दिलं, तर एका चित्राला सरासरी पाच सेकंद.

मामा : आणि त्या पाच सेकंदांत त्याने पाहिलं काय?

भाची : डाग. मंगळावर जिकडेतिकडे धूळ. उल्का आदळली की आसपासची धूळ उडते आणि खालची काळपट जमीन उघडी पडते. या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सहा मीटर, आणि विवर असतं चार मीटरचं. म्हणजे विवर दिसायचा प्रश्नच नाही, दिसतो तो भोवतीचा डाग. मॉडेलला ६,८३० चित्रं दाखवून शिकवलं. काही आधी सापडलेल्या, खात्री झालेल्या जागांची. काही अशी की जिथे काहीच नाही, म्हणजे कशाला भुलायचं नाही तेही त्याला कळावं. मग त्याने नॉक्टिस फॉसी नावाच्या भागातल्या एका डागावर बोट ठेवलं. त्याच यानावर हायराईज नावाचा जास्त बारकाईने बघणारा कॅमेरा आहे, त्याचा पिक्सेल तीस सेंटिमीटरच्या आसपास. तो त्या जागेवर रोखला आणि २६ ऑगस्ट २०२० ला खात्री झाली. उल्केचे वाटेतच तुकडे झाले होते, त्यांनी पाडलेल्या विवरांचा तो पुंजका होता. मार्च २०१० ते मे २०१२ या दरम्यान कधीतरी पडलेला. इतकी वर्षं कुणाच्या नजरेत आला नव्हता.

मामा : मला आनंदच आहे. पण तूच आत्ता म्हणालीस, यंत्राने डाग पाहिला. विवर पाहिलं हायराईजने, आणि ‘हे विवर आहे’ असं म्हटलं माणसांनी. मग बातमीच्या मथळ्यात यंत्र कशाला?

भाची : बोट त्याने ठेवलं म्हणून! पोस्टात सॉर्टिंग करणारा पत्र वाचतो का? पिनकोड बघतो आणि खणात टाकतो. वाचणारा वेगळा. मॉडेलचं काम तेवढंच आहे, आणि तू त्याने पत्र वाचलं नाही म्हणून तक्रार करतोयस.

मामा : तक्रार नाही गं. मी विचारतोय, खण कुणी पाडले?

इथे थोडं थांबून वाचकांना एक सांगायला हवं, कारण हे दोघे ते गृहीत धरून बोलतात. ग्रहमोहिमांची चित्रं नासाच्या एका सार्वजनिक संग्रहात ठेवलेली असतात. प्रत्येक चित्राबरोबर कॅमेरा कोणता, तारीख काय, अक्षांश-रेखांश किती, हे लिहिलेलं असतं. चित्रात काय दिसतंय, हे लिहिलेलं नसे. ‘वाळूच्या ढिगाऱ्यांची सगळी चित्रं दाखवा’ असं त्या संग्रहाला विचारायची सोय नव्हती. ती करण्यासाठी जेपीएलच्या गटाने दोन मॉडेलं तयार केली, एक हायराईजच्या चित्रांसाठी आणि दुसरं क्युरिऑसिटी या बग्गीच्या चित्रांसाठी. २०१८ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. दोन्ही मॉडेलांचा पाया ॲलेक्सनेट नावाचं २०१२ सालचं जाळं. ते आधी पृथ्वीवरच्या बारा लाखांहून अधिक फोटोंवर शिकलेलं, आणि त्या फोटोंत कुत्र्यांच्याच शंभराहून जास्त जाती. कुत्रे ओळखायला शिकलेल्या जाळ्याचा शेवटचा थर बदलायचा आणि त्याला मंगळ शिकवायचा, अशी ती पद्धत. भावाला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तो बराच वेळ हसत होता.

भाची : हस तू. पण कडा, पोत, गोलाई, उजेड-सावलीची सीमा, हे सगळं कुत्र्यात असतं तसंच विवरातही असतं. पहिले थर तेवढंच शिकतात.

मामा : बरं, खणांचं सांग.

भाची : हायराईजच्या संचात आठ. विवर, काळे वाळूचे ढिगारे, उजळ ढिगारे, उतारावरचे गडद ओघळ, उल्का आदळून उडालेला मलबा, ‘स्विस चीज’, म्हणजे दक्षिण ध्रुवावरच्या कार्बन डायऑक्साइडच्या बर्फात पडलेले गोल गोल खळगे, आणि ‘कोळी’. वसंतात बर्फाखालचा वायू फुटून बाहेर येतो, तेव्हा जमिनीत कोळ्याच्या पायांसारखे चर पडतात, ते.

मामा : सात झाले.

भाची : आठवा ‘इतर’.

मामा : त्यात किती?

भाची : (थोडी थांबून) हायराईजच्या १८० चित्रांतून आजूबाजूपेक्षा उठून दिसणारे तुकडे कापले, ते १०,४३३. त्यातले ‘इतर’मध्ये ८,७२२.

मामा : म्हणजे समोर काहीही आलं तरी डोळे मिटून ‘इतर’ म्हणणारा ढ पोरगासुद्धा शंभरात त्र्याऐंशी मार्क काढणार!

भाची : म्हणून तर एकूण मार्कांवर कुणी जात नाही, प्रत्येक वर्गाचे वेगळे बघतात. आणि मंगळ बहुतेक ठिकाणी ‘इतर’च आहे, त्याला मी काय करू? विवरं सातशे मिळाली. कोळी ६८. उडालेला मलबा अवघा ३३.

मामा : तेहतीस चित्रांवर तुम्ही त्याला शिकवलंत?

भाची : तेहतीसची २३१ केली. प्रत्येक चित्र तीन वेळा फिरवलं, एकदा आडवं उलटवलं, एकदा उभं, आणि एकदा त्याचा उजेड कमी-जास्त केला. मूळचं धरून सात. पूर्ण संच ७३,०३१ चित्रांचा झाला.

मामा : उभं उलटवलं? अगं, वरून काढलेल्या चित्रात सूर्य कुठल्या बाजूला आहे हे कळल्याशिवाय मी पोरांना एक रेघ काढू द्यायचो नाही. चित्र उलटं धरलं की खड्ड्याचा उंचवटा होतो. विवराची टेकडी दिसते!

भाची : कुणाला?

मामा : कुणाला म्हणजे? बघणाऱ्याला.

भाची : माणसाला. आपल्या डोळ्यांना जन्मभर उजेड वरून यायची सवय आहे, म्हणून सावली वरच्या कडेला असली की खड्डा आणि खालच्या कडेला असली की उंचवटा. मॉडेलला तशी सवय लावलीच नाही, तर लागणार कुठून? दोन्ही बाजूंनी उजेड पडलेली विवरं दाखवली की ते दोन्हीला विवर म्हणतं. हा दोष तुझा आहे मामा, त्याचा नाही.

मी हे मोबाइलवर करून पाहिलं. चंद्रावरच्या एका विवराचं चित्र उघडलं आणि फोन उलटा धरला. खळग्याचा फुगा झाला. पुन्हा सरळ केला, पुन्हा खळगा. आपल्याला काय दिसणार आहे हे आधीच माहीत असूनही डोळा ऐकत नाही. भावाने हा मुद्दा निमूट सोडून दिला. तो मुद्दे असे सोडत नाही.

मामा : बरं, दुसऱ्या मॉडेलचं काय? क्युरिऑसिटीच्या?

भाची : त्याला चोवीस वर्ग होते. जमीन, क्षितिज, रात्रीचं आकाश... बाकी बरेचसे बग्गीचेच अवयव. चाक, ड्रिल, ड्रिलने पाडलेली भोकं, मास्टवरचा कॅमेरा.

मामा : म्हणजे कोट्यवधी किलोमीटर गेलात आणि स्वतःचीच चाकं ओळखत बसलात!

भाची : चाकांचीच काळजी होती! ॲल्युमिनियमच्या चाकांना भोकं पडताहेत हे २०१३ मध्ये लक्षात आलं. त्यानंतर इंजिनिअरला रोज हवं काय? चाकांची सगळी चित्रं, तारखेवार. ती हाताने शोधायची का? तुला विज्ञान म्हणजे दगडच वाटतात.

मामा : दगड आणि त्यांच्यावरून झालेली भांडणं. आता माझं ऐक. शुक्राची गोष्ट तुला माहीत आहे का? मॅगेलन यानाची? १९९० ते ९४. शुक्रावर सतत ढग, म्हणून त्याने रडारने नकाशा काढला. चित्रं तीस हजारांच्या घरात. त्यांत लहान लहान ज्वालामुखी, अंदाजे दहा लाख. तेव्हाही जेपीएलच्या लोकांनी म्हटलं, मोजायला मशीन शिकवू या. शिकवायचं तर आधी जाणत्यांनी खुणा करून द्यायला हव्यात. शुक्राच्या ज्वालामुखींवर हयात घालवलेल्या भूवैज्ञानिकांना बसवलं. तर काय? एकाच चित्रावरच्या दोघांच्या खुणा जुळेनात. आणि त्याच माणसाला तेच चित्र परत दाखवलं, तर त्याच्या स्वतःच्याच खुणा जुळेनात.

भाची : हे मला माहीत नव्हतं.

मामा : शेवटी त्यांनी काय केलं, ते मला फार आवडतं. ज्वालामुखी आहे की नाही, असं विचारणंच सोडून दिलं. खुणेला पायऱ्या केल्या : नक्की आहे, बहुधा आहे, असू शकेल, नुसता खळगा दिसतोय. आणि प्रत्येक पायरीला एक संभाव्यता. लेबल लावणाऱ्याची शंका त्यांनी लेबलातच ठेवली. तुमच्या त्या ७३ हजार चित्रांत अशी पायरी आहे?

भाची : नाही. एका चित्राला एक वर्ग.

मामा : मग तिथेच तुम्ही तीस वर्षं मागे गेलात.

भाची : थांब, पूर्ण ऐकून घे. शंका मॉडेलच्या उत्तरात असते. ते नुसतं ‘विवर’ म्हणत नाही, किती खात्रीने म्हणतंय तेही सांगतं. आणि ती खात्री फुकाची निघू नये म्हणून तिचं वेगळं माप जुळवून घेतात. नव्वद टक्के म्हटलेली चित्रं खरोखरच शंभरात नव्वद वेळा बरोबर निघायला हवीत. त्यापेक्षा खात्री कमी असेल तर संग्रहात लेबल चिकटवतच नाहीत. गप्प बसतात.

मामा : बरोबर म्हणजे कुणाच्या मते बरोबर?

भाची : लेबल लावणाऱ्यांच्या.

मामा : हां. म्हणजे नव्वद टक्के खात्री ही माणसाशी जुळण्याची आहे. त्या माणसाची दगडाशी गाठ किती पक्की होती, ते कुठे लिहिलेलंच नाही.

माझ्या मते सबंध वादातलं सगळ्यात धारदार वाक्य हे होतं. लेक लगेच काही बोलली नाही. भावाने तेवढ्यात लोणार काढलं, आणि ते तो काढणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मामा : बुलढाण्यातलं हे विवर जेमतेम १.८ किलोमीटरचं. सगळा परिसर बेसाल्टचा, म्हणजे ज्वालामुखीच्याच लाव्ह्याचा. विवर गोल, आत तळं. वरून बघणारे शंभरातले नव्वद जण काय म्हणतील? ज्वालामुखीचं तोंड. भले भले तसंच म्हणत होते, कितीतरी वर्षं. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या विवराचं तेच. गिल्बर्टसारख्या मोठ्या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतः जाऊन पाहणी केली आणि वाफेच्या स्फोटाने झालं असा निष्कर्ष काढला. लोणारचा निकाल लागला तो १९७३ च्या सुमारास. तळाशी खोल भोकं पाडली, तिथून आलेल्या खडकात फेल्डस्पारची काच झालेली सापडली. मॅस्केलिनाइट. तेवढा दाब ज्वालामुखी देऊच शकत नाही, तो बाहेरून आदळणाराच देतो. आता समज, १९५० साली तुझं मॉडेल असतं. लोणारच्या चित्रावर तेव्हाच्या विद्वानांनी कोणतं लेबल लावलं असतं?

भाची : ज्वालामुखी.

मामा : आणि त्यावर शिकलेल्या मॉडेलने जगातली अशी सगळी विवरं, नव्वद टक्के खात्रीने...

भाची : ज्वालामुखी म्हणून भरली असती. मान्य. पण मामा, भोक पाडून बघितल्याशिवाय तूही तेच म्हणाला असतास. तुझ्या सगळ्या पुराव्यात मॉडेलविरुद्ध काय आहे? आहे ते चित्राविरुद्ध आहे. चित्रावरून किती सांगता येतं याची हद्द आहे, आणि ती तुलाही आहे. मंगळावर प्रत्येक डागापाशी ड्रिल नेणार आहेस का? मग ड्रिल कुठे न्यायचं, निदान हायराईज कुठे रोखायचा, हे कशावरून ठरवणार? न पाहिलेलं चित्र चुकीच्या खणात तरी जात नाही, एवढंच त्याचं कौतुक. ते कुणाच्याच कामाचं नाही.

मामा : मी न पाहायला सांगतच नाहीये. माणसांनी पाहा म्हणतोय. तो चेन्नईचा इंजिनिअर आठवतो? षण्मुग सुब्रमण्यन. सप्टेंबर २०१९ मध्ये आपला विक्रम लँडर चंद्रावर कोसळला. नासाच्या यानाने त्या भागाची चित्रं प्रसिद्ध केली, आणि या माणसाने आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवून एकेक ठिपका ताडून पाहिला. एक ठिपका नवा होता. त्याने कळवलं, नासाने पुन्हा चित्रं काढून तपासलं आणि डिसेंबरमध्ये त्याच्या नावासकट जाहीर केलं. मोठमोठे संगणक होते ना तेव्हा? सापडलं कुणाला?

भाची : त्याला. आणि मला त्याचं फार कौतुक आहे. पण कुठे शोधायचं ते त्याला माहीत होतं, काय शोधायचं तेही माहीत होतं. आता तू मला सांग, चंद्रावर उतारांवरून घरंगळलेले धोंडे किती आहेत?

मामा : असतील पुष्कळ.

भाची : १,३६,६१०. एका गटाने चंद्राची वीस लाखांवर चित्रं मॉडेलखालून घातली आणि २०२० मध्ये नकाशा छापला. धोंडा गेला की मागे चाकोरी उमटते, त्यावरून ओळखतात. कुठल्या उतारावर, कुठल्या वयाच्या विवरात जास्त कोसळतात, हे एकेक ठिपका ताडून कधीच कळलं नसतं. त्याहून मोठं सांगते, कारण यात तुझी पाण्याची आवड येते. मंगळावरच्या उतारांवरचे गडद ओघळ.

मामा : ते व्हायकिंगच्या चित्रांपासून दिसताहेत. सत्तरच्या दशकापासून.

भाची : आणि तेव्हापासून भांडण : खारं पाणी झिरपतंय की कोरडी धूळ घसरतेय? ज्याने त्याने आपापली पाचपंचवीस चित्रं पुढे करायची. २०२५ मध्ये बिकेल आणि व्हॅलांटिनास या दोघांनी ८६ हजार चित्रं मॉडेलकडून चाळून घेतली. पाच लाखांच्या आसपास ओघळ सापडले. मग त्या नकाशाशेजारी तापमानाचा नकाशा ठेवला, वाऱ्याचा ठेवला, धूळ बसण्याचा ठेवला, ओलाव्याचा ठेवला. पाण्याशी काही जुळेना. जुळलं वाऱ्याशी आणि धुळीशी. कोरडे निघाले. पन्नास वर्षांचं भांडण पाच चित्रांनी मिटत नव्हतं मामा, त्याला पाच लाख ओघळ लागले.

मामा : हे मात्र मानलं. मोजणीत तुमचा हात कुणी धरू शकणार नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात घे. वारा, धूळ आणि पाणी हे तीन नकाशे शेजारी ठेवायचे, हे त्या मॉडेलने सुचवलं नव्हतं. ते सुचायला आधीची पन्नास वर्षं भांडावं लागलं होतं. आणि दुसरं, ओघळांसाठी खण होता म्हणून पाच लाख ओघळ मिळाले. ज्याला अजून नावच नाही, त्याचे पाच लाख असतील तर ते कुठे आहेत?

भाची : ‘इतर’मध्ये.

मामा : पोस्टात पत्ता न लागलेल्या पत्रांचं निदान एक स्वतंत्र ऑफिस असतं. तिथे माणूस पाकीट फोडून आत बघतो. तुमच्या ‘इतर’चं पाकीट फोडायला कुणाला बसवलंय?

भाची : तेही करतात, अगदीच नाही असं नाही. नेहमीपेक्षा वेगळं काय दिसतंय तेवढंच वर काढायचं, अशीही मॉडेलं असतात. त्यांना खण लागत नाहीत. पण खरं सांगू? ती भंगारही पुष्कळ वर काढतात. कॅमेऱ्यावरचा कचरा, तुटलेली प्रसारणं, विचित्र सावल्या. ते निवडायला पुन्हा माणूस लागतो, आणि कंटाळवाणं काम म्हणून कुणी बसत नाही. आम्हालाही नवं मॉडेल बनवायला मजा येते. लेबलं तपासायला कुणी पुढे येत नाही.

तिच्या कंपनीतही हेच चालतं, असं ती नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली.

मामा : मग चांद्रयानाचं काय करणार आहात? चांद्रयान-२ वरचा तो कॅमेरा पाव मीटरपर्यंतचं बारीक दाखवतो म्हणतात. आता सगळ्यांचं लक्ष दक्षिण ध्रुवाकडे. तिथे सूर्य कायम क्षितिजाला टेकलेला, सावल्या कोसभर लांब. विषुववृत्ताच्या उजेडात शिकलेलं तुझं मॉडेल तिथे प्रत्येक लांब सावलीला दरी म्हणेल.

भाची : म्हणेल. क्युरिऑसिटीच्या मॉडेलचं तेच झालं. आधीच्या महिन्यांतल्या चित्रांवर शिकवलं आणि नंतरच्या काळातल्या चित्रांवर तपासलं, तर मार्क धाडकन उतरले. बग्गी पुढे गेली, आसपासचा मुलूख बदलला. म्हणून ध्रुवासाठी ध्रुवाचीच चित्रं लागतील आणि त्यांवर नव्याने लेबलं लागतील. लावणार कोण? मला सावली आणि दरी यांतला फरक कळत नाही, तुला कळतो.

मामा : मी या वयात कॉम्प्युटरसमोर बसून चौकोन आखत बसू?

भाची : तुझी पोरं आहेत ना, लोणारला नेलेली? त्यांतली निम्मी कुठेतरी जीआयएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांच्या कामात, नोकरीला असतील. मंगळाच्या जमिनीवर ‘वाळू, माती, कातळ, मोठे धोंडे’ एवढ्याच खुणा करायचं जेपीएलचं एक काम होतं, एआयफोरमार्स नावाचं. ते २०२० मध्ये झूनिव्हर्स या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुलं केलं आणि सामान्य लोकांनी लाखांनी लेबलं लावून दिली. तीही भूविज्ञान न शिकलेल्यांनी. मग शिकलेल्यांनी का लावू नयेत?

मामा : लावतील. पण माझी एक अट. एकच चित्र निदान तिघांकडे जायला हवं, आणि तिघांचं जुळलं नाही तर ते न जुळणं पुसून टाकायचं नाही. बहुमत काढून एकच लेबल ठेवलंत, की शुक्रवाल्यांनी शिकलेलं सगळं पाण्यात.

भाची : ठेवता येईल. फाइल जरा मोठी होईल, एवढंच.

मामा : होऊ दे.

दोघांचं हे एवढ्यावर थांबलं; समेट झाला असं मी म्हणणार नाही. लेक अजूनही म्हणते की मामाला वेगाची किंमत कळत नाही, आणि भाऊ अजूनही मथळ्यात यंत्राचं नाव आलं की वर्तमानपत्र बाजूला ठेवतो. माझं मत विचाराल तर मॉडेलांची आज वाण नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत ती बनताहेत आणि बहुतेक फुकट मिळतात. वाण आहे ती दगड पायाखाली घालून आलेल्या डोळ्यांची, जे चित्रावर खूण करताना ‘बहुधा’ असंही लिहायला तयार असतील. अर्धाअधिक महाराष्ट्र दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला, आणि चंद्रावरचे काळे सपाट प्रदेशही बेसाल्टचे. आपल्या कॉलेजांतून भूविज्ञान शिकून निघणाऱ्या मुलांना हा खडक हाताळून माहीत असतो. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर त्याने आठवड्यातली एक संध्याकाळ या कामाला द्यावी. चांद्रयान-२ ची चित्रं इस्रोच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर आहेत; नाव नोंदवलं की उतरवून घेता येतात, पैसे पडत नाहीत.